एक धडा, चार शिक्षक: सेमिनरीत मिळून शिकवणे कसे सुधारावे

सेमिनरीच्या, म्हणजे पाळक घडवणाऱ्या ख्रिस्ती धर्मशिक्षण संस्थेच्या, शिक्षक-बैठकीत वेळापत्रक, मेसचा खर्च, चॅपेलच्या पाळ्या आणि विद्यार्थ्यांच्या मंडळ्यांतल्या वीकेंडच्या सेवेची वाटणी यांवर दोन-दोन तास जातात. वर्गात काय घडते यावर पाच मिनिटेही बोलणे होत नाही. यात कोणाचा आळस नसतो. छोट्या सेमिनरीत पाच ते आठ पूर्णवेळ शिक्षक असतात आणि एकेका विषयाला एकच माणूस. जुना करार एकाकडे, मंडळीचा (चर्चचा) इतिहास दुसऱ्याकडे, उपदेशशास्त्र तिसऱ्याकडे. ‘माझ्या विषयातले तुम्हाला काय कळणार’ हे कोणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांनी मान्य केलेले असते.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे बाहेरचा वक्ता बोलावून एक दिवसाची कार्यशाळा. चहा होतो, फोटो होतात आणि सोमवारी वर्ग पूर्वीसारखाच चालतो. त्यापेक्षा उपयोगी पडते ती जपानी शाळांमध्ये रुळलेली ‘जुग्यो केंक्यू’, म्हणजे धडा-अभ्यासाची पद्धत. चार शिक्षक मिळून एकच धडा आखतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे विद्यार्थ्यांकडे पाहतात, मग धडा दुरुस्त करून पुन्हा शिकवतात. खाली हीच पद्धत सेमिनरीच्या मापाने, बायबलमधल्या एका खऱ्या उताऱ्यासह मांडली आहे.

वेळेचा हिशेब आधी पाहा, कारण पहिली हरकत तिथेच येते. जुन्या असाइनमेंट वाचायला 2 तास, आखणीच्या दीड-दीड तासाच्या 3 बैठका, 100 मिनिटांचा धडा दोनदा, प्रत्येक धड्यानंतर सव्वा तासाची चर्चा. एकूण 12 तास 20 मिनिटे. आठ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला दीड तासाच्या आसपास. हे तास कार्यभारात धरून घ्या आणि त्याबदल्यात प्रत्येकाची एखादी समिती काढून घ्या. ‘जादा काम’ म्हणून लादलेली गोष्ट दुसऱ्या बैठकीलाच गळते.

गट कोणाचा

तिघांपेक्षा कमी नको, पाचांपेक्षा जास्त नको. सहावा माणूस आला की गटाची समिती होते. नवा करार, जुना करार, ग्रीक आणि उपदेशशास्त्र शिकवणारे चौघे हा उत्तम मेळ. अनेक ठिकाणी नवा करार आणि ग्रीक एकाच माणसाकडे असतात. तिथे चौथी जागा पाळकीय समुपदेशन शिकवणाऱ्याला द्या. विद्यार्थ्यांची वीकेंडची सेवा ज्यांच्या देखरेखीखाली होते अशा एखाद्या पाळकांना निदान पहिल्या बैठकीला बोलवा. वर्गात न दिसणारी चूक त्यांना मंडळीत दर रविवारी दिसत असते.

प्राचार्य गटात असावेत का? शक्यतो पहिल्या वर्षी नसावेत. शिक्षकांचे मूल्यमापन, बढती, नेमणूक यांच्याशी या कामाचा संबंध आहे अशी नुसती शंका आली तरी शिक्षक आपला सर्वांत सुरक्षित धडा दाखवतात आणि मग शिकण्यासारखे काही उरत नाही. काम सुरू होण्याआधीच प्राचार्यांनी लेखी सांगावे की गटातले कोणतेही टिपण कोणाच्या सेवापुस्तिकेत जाणार नाही.

सुरुवात वह्यांपासून

‘आपण काय सुधारावे?’ असा प्रश्न टेबलावर टाकला की उत्तरे येतात: विद्यार्थ्यांचे मराठी कच्चे आहे, वाचन नाही, आध्यात्मिक घडण होत नाही. सगळे खरे, आणि 100 मिनिटांच्या धड्यात यातले काहीही हलत नाही. म्हणून चर्चेऐवजी विद्यार्थ्यांचे लिखाण समोर घ्या. बाहेरून होणाऱ्या परीक्षांच्या उत्तरपत्रिका सहसा हाती लागत नाहीत, तेव्हा अंतर्गत असाइनमेंट वापरा. मागच्या सत्रातली उतारा-विवरणाची, म्हणजे बायबलच्या उताऱ्याचा अर्थ उलगडणारी, 12 टिपणे काढा: 4 चांगली, 4 मधली, 4 कच्ची. नावे झाका. प्रत्येक शिक्षकाने 6 वाचायची, म्हणजे प्रत्येक टिपण दोघांच्या नजरेखालून जाते.

वाचताना एकच काम करायचे. उताऱ्यातला पुरावा जिथे संपतो आणि विद्यार्थ्याची उडी जिथे सुरू होते तिथे पेन्सिलीने आडवी रेघ मारायची. बहुतेक टिपणांत ही रेघ फार वर पडते. तीन-चार वाक्ये झाली की ‘म्हणून आपणही आज’ सुरू होते. चांगल्या टिपणांतही हे दिसते, फक्त तिथे भाषा सफाईदार असते. एवढे चौघांनी एकत्र पाहिले की प्रश्न आपोआप नेमका होतो: विद्यार्थी उतारा वाचून होण्याआधीच उपदेशाला लागतात. यात नव्या कराराच्या शिक्षकाइतकाच उपदेशशास्त्राच्या शिक्षकाचाही वाटा आहे, हे त्याच टेबलावर कळते.

धडा: मार्क 5:21-43

याईराची मुलगी आणि 12 वर्षे रक्तस्रावाने आजारी असलेली स्त्री: येशू याईराच्या आजारी मुलीकडे निघतो आणि वाटेत ही स्त्री त्याच्या वस्त्राला शिवून बरी होते. हा उतारा निवडण्याचे कारण, प्रत्येक विद्यार्थ्याने यावर कधी ना कधी संदेश दिलेला असतो किंवा ऐकलेला असतो. ओळखीच्या उताऱ्यातच उडी सर्वांत लांब पडते. शिवाय हीच घटना तीन शुभवर्तमानांत असल्याने तुलना करता येते: मार्क 23 वचने घेतो, लूक (8:40-56) 17 आणि मत्तय (9:18-26) फक्त 9.

साहित्य साधे. तिन्ही उतारे तीन उभ्या रकान्यांत छापलेला ए-3 कागद, तिघांमागे एक. तीन रंगांच्या पेन्सिली. बायबल सोसायटीचे प्रचलित भाषांतर आणि पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले भाषांतर, दोन्हींतून मार्कचा उतारा. मोबाइल बाजूला, कारण त्यात तयार भाष्य सापडते आणि मग कोणी उतारा वाचत नाही.

पहिली 10 मिनिटे फक्त मार्क, मनात वाचायचा. प्रश्न एकच: इथे किती गोष्टी आहेत आणि त्या कुठे तुटतात? पुढची 25 मिनिटे तिघांच्या गटात रंगवणे: तिघांत सारखे ते एका रंगात, दोघांत सारखे ते दुसऱ्या, एकट्यात आहे ते तिसऱ्या. मग 20 मिनिटे फरकांवर चर्चा. मत्तयात मुलगी सुरुवातीलाच मेलेली आहे, मार्कात ती मरणोन्मुख आहे आणि वाटेत मरते. मत्तय याईराचे नाव घेत नाही. ‘तलीथा कूम’ हे अरामी शब्द फक्त मार्ककडे. मुलीचे वय लूक आरंभीच सांगतो (8:42), मार्क अगदी शेवटी (5:42), मत्तय सांगतच नाही. वैद्यांनी त्या बाईचे हाल केले ही मार्कची कडवट ओळ (5:26) लूकमध्ये मवाळ होते.

नंतरची 15 मिनिटे एका शब्दासाठी. ‘सोझो’ या ग्रीक क्रियापदात बरे करणे आणि तारणे दोन्ही आहे. याईराच्या विनंतीत (5:23), बाईच्या मनातल्या बोलण्यात (5:28) आणि येशूच्या उत्तरात (5:34) मार्क तेच क्रियापद वापरतो. दोन्ही मराठी भाषांतरांत तीन जागी कोणते शब्द आले आहेत ते विद्यार्थ्यांनीच शोधायचे. ग्रीक न येणाऱ्यालाही इथे कळते की भाषांतर करणाऱ्याला निवड करावी लागते आणि त्या निवडीत काहीतरी हातचे सुटते.

मग 20 मिनिटे एकट्याने लिहिणे: ‘मार्क या उताऱ्यात अमुक दाखवतो, कारण...’ असा साधारण 60 शब्दांचा परिच्छेद, त्यात निदान दोन वचनांचा पुरावा आणि एक फरक जो फक्त मार्कचा आहे. उपदेशाची एक ओळ लिहायची ती शेवटच्या 10 मिनिटांत, त्याआधी नाही. धड्याचा सगळा जोर या क्रमात आहे. उपदेशाला बंदी नाही, त्याला रांगेत शेवटी उभे केले आहे.

विद्यार्थी काय म्हणतील ते आधी लिहा

नव्याने हे काम करणारे गट हीच पायरी गाळतात, आणि बहुतेक वेळ वाया जातो तो इथेच. आखणीच्या तिसऱ्या बैठकीत प्रत्येक प्रश्नाला विद्यार्थी कोणती उत्तरे देतील याचा अंदाज लिहून काढा, चुकीच्या उत्तरांसह. ती बाई विधवा होती (उताऱ्यात नाही). याईर याजक होता (तो सभास्थानाचा अधिकारी आहे). 12 म्हणजे इस्राएलाचे 12 वंश (शक्य आहे, पण पुरावा विचारा). मुलगी खरोखर मेली नव्हती, झोपली होती (मग 5:40 मध्ये लोक का हसले?). प्रत्येक उत्तराशेजारी शिक्षकाचा पुढचा प्रश्न लिहा. तयार उत्तर लिहू नका.

जुन्या कराराच्या शिक्षकाचे काम याच बैठकीत आहे. लेवीय 15:25-30 मधला विटाळाचा नियम वर्गात निघणारच. मार्क मात्र विटाळाचा शब्दही काढत नाही. ‘यहुदी धर्माने तिला वाळीत टाकले, येशूने सोडवले’ असे सरसकट वाक्य विद्यार्थी सहज लिहून जातात आणि ते उताऱ्यापेक्षा फार मोठे असते. दुसरीकडे, आपल्याकडच्या वर्गात हा नियम पुस्तकातला राहत नाही. कावळा शिवला म्हणून बाजूला बसवलेली आई-आजी अनेकींनी पाहिलेली असते, आणि स्पर्श या शब्दाला दलित विद्यार्थ्याच्या घरात जे वजन आहे ते भाष्यग्रंथात नसते. हे बोलणे दाबू नका. त्याला जागा द्या, आणि मग विचारा: यातले उताऱ्यात काय आहे आणि आपण उताऱ्याकडे काय घेऊन आलो? फळ्याचे दोन भाग करून दोन्ही गोष्टी वेगळ्या लिहिल्या तर कोणाचा अनुभव खोडला जात नाही आणि वाचनही ढिले पडत नाही.

वर्गातल्या मुलींना या विषयावर सगळ्यांसमोर बोलायला लावू नका. तिघांच्या गटात जे निघेल ते निघू द्या.

पाहणारे काय पाहतात

निरीक्षक शिक्षकाकडे पाहत नाहीत. प्रत्येकाला एक गट नेमून द्या. पूर्ण वेळ त्याच तिघांजवळ बाजूला बसायचे, बोलायचे नाही, अडले तरी मदत करायची नाही. ज्याला पंधरा वर्षे शिकवण्याची सवय आहे त्याला हे फार जड जाते. चूक दिसली की हात शिवशिवतात.

टिपणात वेळ, शब्द आणि हाताची हालचाल. ‘गट उत्साही होता’ ही निरुपयोगी नोंद. ‘18व्या मिनिटाला रंगवून झाले, 18 ते 25 तिघेही गप्प, 26व्या मिनिटाला एकाने विचारले, वय शेवटी का?’ ही कामाची. कुजबुज कोणत्या भाषेत होते तेही टिपा. नंदुरबारकडून आलेली मुले आपापसांत मावची किंवा भिलीत बोलून उत्तर अचूक पकडतात आणि मराठीत लिहिताना ते अर्धे होते, असे दिसले तर अडचण विवरणाची नाही. त्यांना आधी आपल्या भाषेत मुद्दे टिपू द्या.

विद्यार्थ्यांना आदल्या दिवशी सांगा की पाहुणे धडा पाहायला येत आहेत, गुण द्यायला नाही. न सांगता तीन शिक्षक मागे येऊन बसले तर वर्ग परीक्षेला बसल्यासारखा आखडतो.

चर्चेचा क्रम

त्याच दिवशी, शक्यतो दुपारच्या जेवणानंतर लगेच. दुसऱ्या दिवशी टिपणे शिळी होतात. आधी शिकवणाऱ्याने 5 मिनिटे बोलावे. मग प्रत्येक निरीक्षकाने फक्त पाहिलेले सांगावे, मत नाही. नंतर सगळ्यांचे 60 शब्दांचे परिच्छेद वाचून तीन गठ्ठे करावेत: पुरावा आणि दावा जुळतो, पुरावा आहे पण दावा दुसराच, पुरावाच नाही. गठ्ठे झाल्यावरच अर्थ लावायचा, आणि शेवटच्या 20 मिनिटांत धड्यात नेमके काय बदलायचे ते ठरवायचे. दोन बदल पुरेत. सात बदल केले तर कशामुळे फरक पडला ते समजत नाही.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. गटातला तरुण शिक्षक बहुधा त्याच सेमिनरीत शिकलेला असतो आणि ज्यांनी त्याला शिकवले ते रेव्हरंड समोर बसलेले असतात. ‘सर, इथे चुकले’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघणार नाही, आणि निघू नये अशीच आपली रीत आहे. रीत मोडायला जाऊ नका, तिला वळसा घाला. पहिला धडा सर्वांत ज्येष्ठाने शिकवावा. निरीक्षणे आधी चिठ्ठीवर लिहून घ्यावीत आणि सर्वांत कनिष्ठाने सर्वांच्या चिठ्ठ्या वाचून दाखवाव्यात. बोलताना ‘आपला धडा’ म्हणावे, ‘सरांचा धडा’ नाही. तो खरोखरच चौघांनी केलेला असतो.

रंगवण्याला दिलेली 25 मिनिटे हमखास फसतात. कागद सुंदर होतो, विचार होत नाही. गट 18व्या मिनिटालाच थांबले असतील तर वेळ 15 वर आणा आणि उरलेल्या 10 मिनिटांत गटाने एका फरकाचे कारण एका वाक्यात लिहावे असे ठेवा.

दुसऱ्यांदा कोणाला शिकवायचे

मोठ्या कॉलेजात दुसरी तुकडी असते. सेमिनरीत वर्षाला 20 विद्यार्थी, तुकडी एकच. मग हजेरीपटाचे दोन भाग करा. पहिले 10 सोमवारी धड्याला, उरलेले ग्रंथालयात ठरलेल्या वाचनाला, गुरुवारी उलट. बी.टीएच. आणि बी.डी. या धर्मशास्त्राच्या दोन्ही पदव्यांचे वर्ग असतील तर एक वर्ग इकडचा, एक तिकडचा, पण मग विद्यार्थ्यांची पूर्वतयारी वेगळी असल्याने निकालांची थेट तुलना करू नका. दुसऱ्यांदा दुसऱ्या शिक्षकाने शिकवावे. नव्या कराराचा धडा उपदेशशास्त्राच्या शिक्षकाने घेतला तर आखणीतल्या गाळलेल्या जागा लगेच उघड्या पडतात.

प्रवचनाचे गुण

धडा-अभ्यास जमला की याच गटाने गुणांकडे वळावे. एका विद्यार्थ्याचे लिखित प्रवचन, नाव झाकून, चौघांनी स्वतंत्रपणे 20 पैकी तपासायचे, मग आकडे एकदम उघड करायचे. तीनपेक्षा जास्त अंतर आले तर सरासरी काढून मोकळे होऊ नका. कोणी कशाला गुण दिले ते विचारा. मराठी मंडळीत वक्तृत्वाला मान आहे, नगर परिसरात तर ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा मुरलेली, त्यामुळे आवाज, दृष्टांत आणि ओवी असलेले प्रवचन उताऱ्याशी सैल असूनही वर जाते. ते गुण द्यायचेच असतील तर वेगळ्या रकान्यात द्या. उताऱ्याशी इमान 8, मांडणी 6, भाषा आणि सादरीकरण 6, अशी फोड विद्यार्थ्यांना सत्राच्या आरंभी हातात द्यावी.

सत्राच्या मध्यावर विद्यार्थ्यांचे ऐकणे

सत्र संपल्यावर भरून घेतलेले अभिप्रायपत्र त्या विद्यार्थ्यांच्या कामाचे नसते. सहाव्या-सातव्या आठवड्यात दोन शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गात 25 मिनिटे जावे, मूळ शिक्षकाने बाहेर राहावे. चौघांचे गट, तीन प्रश्न: शिकायला कशाने मदत होते, कशाने अडते, काय बदलता येईल. गटाने मिळून मान्य केलेले तेवढेच सांगायचे, म्हणजे एकट्याचा राग बाजूला पडतो. दोन दिवसांत सहकाऱ्याने शिक्षकाला तोंडी सांगावे आणि कागद फाडून टाकावा. शिक्षकाने पुढच्या तासाला वर्गाला सांगावे की यातले हे एक बदलतो आणि हे बदलता येणार नाही, का ते असे. हा शेवटचा भाग चुकला तर पुढच्या वर्षी मुले खरे बोलत नाहीत.

भिंतीपलीकडे

बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजला 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजाची सनद मिळाली. आज तिथल्या सेनेटशी, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाशी, देशभरच्या अनेक सेमिनरी संलग्न आहेत आणि अभ्यासक्रम सामाईक आहे. म्हणजे एका ठिकाणी घासूनपुसून झालेला धडा दुसरीकडे जवळपास तसाच चालतो. पुण्यात तर 1983 मध्ये यवतमाळहून आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे आणि रोमन कॅथलिकांचे ज्ञानदीप विद्यापीठही. पंथ वेगळे असले तरी विद्यार्थी उताऱ्यावरून उडी सारखीच मारतात. दुसऱ्या संस्थेला बोलवायचे तर पूर्ण झालेला धडा दाखवायला नको, अर्धवट धड्याची आखणी घेऊन बोलवा. सिद्ध धड्याला पाहुणे टाळ्या देतात, अर्धवट धड्याला प्रश्न.

प्रत्येक धड्याची एक फाइल ठेवा: दोन्ही आवृत्त्यांची आखणी, ए-3 कागदाचा नमुना, अपेक्षित उत्तरांची यादी, नावे काढलेले सहा परिच्छेद आणि केलेले दोन बदल कारणासह. दहा पानांच्या वर नको. ती ग्रंथालयात, उसनी मिळेल अशा कपाटात असावी. शिक्षकाच्या खोलीत ठेवली तर त्याची बदली झाली की धडाही त्याच्याबरोबर जातो.